उलट्या संत्र्यांचा सापळा

माणसाच्या आजवरच्या सगळ्या प्रगतीचं मूळ एकाच गोष्टीत आहे: हवी ती वस्तू, हवा तितका वेळ, नीट बंद करून ठेवता येणं. धान्य कोठारात, पाणी धरणात, वीज बॅटरीत आणि गुपित पोटात. ज्यांना हे जमलं ते पुढे गेले. ज्यांना जमलं नाही त्यांचं नाव इतिहासात सापडत नाही.

सुट्टीतल्या एका सकाळी मात्र भोंगा न्हाणीघरात बंद होता आणि त्यामुळे कोणाचीच कसलीही प्रगती होत नव्हती.

"उघडा! अरे, कोणी कडी लावली बाहेरून? मी गुदमरतोय! मी संपलो!"

"कडी लावलेलीच नाही," बाहेरून ताई शांतपणे म्हणाली. "दार ढकलतोयस की ओढतोयस?"

मग दार अलगद आतल्या बाजूला उघडलं आणि भोंगा काहीच न घडल्यासारखा बाहेर आला.

ताई तेरा वर्षांची, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांपेक्षा थोडी जास्त समजूतदार. भोंगा तिचा भाऊ, अकरा वर्षांचा; हे नाव त्याला का पडलं ते त्याने तोंड उघडलं की कळायचं. दोघं दर सुट्टीत आत्याकडे येत. आत्याची मुलगी नऊ वर्षांची. तिला सगळे बटण म्हणत, कारण ती कायम कुणाच्या ना कुणाच्या अंगाला शिवल्यासारखी असायची. बटणला बाराही महिने सर्दी असे. तिच्या नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवायला होतो, असं भोंग्याचं मत होतं.

तिघांच्या पिशव्या भरून तयार होत्या. पोहायला जायचं ठरलं होतं. तेवढ्यात आत्या हातात कागदांचा एक गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली.

"पुन्हा मेली," ती म्हणाली.

"कोण?" भोंगा दचकला.

"पानं."

आत्या एका छापखान्यात काम करायची. छापायचं नाही, मागच्या खोलीत बसून ती वासाचे कागद बनवायची. कागदावरचं संत्रं बोटाने घासलं की संत्र्याचा वास यायला हवा, पुदिना घासला की पुदिन्याचा. अंध मुलांच्या एका शाळेने असं आख्खं पुस्तक मागवलं होतं. सुटी पानं तेवढी छापखान्याने द्यायची. चित्रांच्या कडा आणि उठावाची अक्षरं शाळा आपल्या यंत्रावर टोचून घेणार होती आणि पुस्तक बांधणारही शाळाच होती. नमुन्याची पानं आत्तापर्यंत दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मुलांनी घासली, हुंगली, आणि कागदाला फक्त कागदाचा वास आला.

"शनिवारी मुख्याध्यापिका स्वतः येणार आहेत," आत्या म्हणाली. "शेवटची संधी. तेव्हाही वास आला नाही तर काम रद्द. आणि मालक म्हणाले, काम रद्द झालं तर माझी खोलीही रद्द. तिथे ते व्हिजिटिंग कार्डांचं मशीन बसवणार."

"मग तू काय करणार?" ताईने विचारलं.

"साबणाच्या कारखान्यातून बोलावणं आहे. पण ते लांब आहे. दुसऱ्या गावी."

बटणचं सूं-सूं थांबलं. "म्हणजे आपण हे घर सोडायचं? माझी शाळा? आणि हे दोघं सुट्टीत कुठे येणार?"

आत्या गठ्ठा नीट करत राहिली, आणि गठ्ठा तर आधीपासूनच नीट होता.

पोहायचे कपडे पिशव्यांतून बाहेर आले.

*

छापखाना एका सरळ रेषेत होता. पुढे मालकांची काचेची केबिन, मग मशीन, मशीनपलीकडे बाइंडरकाकांचा कोपरा, मग गोदाम, आणि गोदामाला लागून आत्याची खोली. खोलीत एक शेगडी, एक बर्फाची पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि एक मोठं काचेचं भांडं होतं. भांड्यात छोटा पंखा गरगर फिरत होता.

"नीट बघा," आत्या म्हणाली. "आणि भोंग्या, कशालाही हात लावू नकोस."

"मी कुठे काय..."

"खिशातून काढ."

भोंग्याने खिशातून ड्रॉपर काढून टेबलावर ठेवला.

"हे संत्र्याच्या सालीचं तेल," आत्याने बाटली दाखवली. "उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत उडून जाईल. ते कागदावर महिनोन्‌महिने टिकवायचं. कसं टिकवाल?"

"बाटलीत!" भोंगा ओरडला. मशीनवाल्याने पलीकडून डोकावून पाहिलं.

"शाबास! फक्त बाटली इतकी लहान हवी की केसाच्या जाडीत तीन-चार मावतील. अशा कोट्यवधी बाटल्या हव्यात. आणि प्रत्येकीत तेल भरून बूच लावायचं."

"कोण लावणार?"

"कोणीच नाही. बाटल्यांनी आपल्या आपण तयार व्हायचं. तीच तर गंमत आहे!"

भांड्यातल्या कोमट पाण्यात जिलेटिन आणि डिंक विरघळवलेला होता. आत्याने तेल ओतलं, पंखा वाढवला. तेलाचे थेंब फुटत फुटत इतके बारीक झाले की सगळं दुधासारखं पांढरं दिसू लागलं. मग तिने त्यात थोडं आंबट औषध थेंबाथेंबाने सोडलं.

"एरवी जिलेटिन आणि डिंक पाण्यात आपापले सुखाने असतात. पण पाणी आंबट झालं की दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही. ते पाणी सोडून एकमेकांना बिलगतात, आणि बिलगतात ते नेमके तेलाच्या थेंबाभोवती. प्रत्येक थेंबाला अंगभर कपडा! मग हे बर्फात ठेवायचं, म्हणजे कपडा घट्ट होतो. मग तो पक्का करायचं औषध, म्हणजे पुन्हा विरघळत नाही. झाली कॅप्सूल!"

तिने आदल्या दिवशीच्या भांड्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बेडकाची अंडी!" भोंगा.

"द्राक्षं," ताई म्हणाली. "प्रत्येकाला सालही आहे!"

"मला फक्त माझी पापणी दिसतेय," बटण म्हणाली.

"हे काय नुसतं वासासाठीच?" ताईने विचारलं, आणि आत्याची स्वारी रंगात आली.

"छे गं! कडू औषध पोटात जाऊन मगच उघडावं म्हणून. माशाचं तेल दुधाच्या पावडरीत घालायचंय पण माशाचा वास नकोय म्हणून. शेतातलं औषध एकदम वाहून न जाता हळूहळू सुटावं म्हणून. मेणाच्या कॅप्सूल भरलेलं जाकीटसुद्धा असतं! अंग तापलं की आतलं मेण वितळतं आणि उष्णता शोषून घेतं. गार झालं की मेण गोठतं आणि तीच उष्णता परत देतं."

"परत देतं?" भोंगा म्हणाला. "ताईपेक्षा बरं आहे."

"आणि ते मालकांचं बिलबुक! वर लिहिलं की खालच्या कागदावर उमटतं ना, मधे कार्बन नसताना? वरच्या कागदाच्या पाठीला बिनरंगी शाईच्या कॅप्सूल असतात आणि खालच्याच्या तोंडाला एक खास लेप. पेन दाबलं की कॅप्सूल फुटते, शाई लेपाला भेटते आणि निळी होते."

"म्हणजे सगळी गंमत फुटण्यात आहे," ताई म्हणाली.

"योग्य वेळी फुटण्यात," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला.

तिने नुकतंच वाळलेलं एक पान पुढे केलं. भोंग्याने घासलं. घमघमाट! मग सगळे गोदामात गेले आणि आदल्या दिवशीच्या गठ्ठ्यातलं पान काढलं. भोंग्याने इतक्या जोरात घासलं की संत्र्याला भोक पडलं. वास काही आला नाही.

"मॅडम, अजून तेच चाललंय का?" मागून आवाज आला.

छापखान्याचे मालक कानाला फोन लावून आत आले होते. मालक भल्या देहाचे, भल्या मनाचे आणि सतत घाईत असत. फक्त घाईत असताना त्यांना बसायला लागे.

"तुमच्या कॅप्सूल कच्च्या आहेत," ते म्हणाले. "मी तज्ज्ञाला विचारलं."

"कोणत्या तज्ज्ञाला?"

"माझ्या मेव्हण्याला. त्याचं औषधांचं दुकान आहे. कॅप्सूलमधलं त्याला सगळं कळतं."

एवढं बोलून ते फोनवर "हां, हां, बोला" करत निघून गेले.

*

कागदाच्या मोठ्या रिळांमागे तिघांची बैठक भरली.

"पहिली गोष्ट," ताई म्हणाली, "कॅप्सूल कच्च्या नाहीत. आत्याच्या ड्रॉवरमधलं गेल्या महिन्यातलं पान मी आत्ताच घासून पाहिलं. ठणठणीत आहे."

"दुसरी गोष्ट," भोंगा कुजबुजला. त्याच्या कुजबुजण्याने रिळावरची धूळ उडाली. "त्या गठ्ठ्याच्या शेल्फपाशी आत्ता कसला वास येतोय? संत्रं, पुदिना, गुलाब, साबण, सगळं एकदम! पानं घासून वास नाही, आणि हवेत मात्र वासच वास!"

"म्हणजे कॅप्सूल गळत नाहीयेत. कुणीतरी एकदम फोडतंय. आत्या म्हणतेच, संध्याकाळी पानं जिवंत असतात, सकाळी मेलेली असतात."

"मेलेली पानं शहाणी असतात," बटण म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"सरळ असतात. अगदी पट्टीसारखी. आईच्या खोलीतली पानं बघा ना, झाडावरून गळून वाळलेल्या पानासारखी कडेला वर वळलेली असतात. आई म्हणते, एका बाजूने ओला लेप दिला की कागद वाळताना आक्रसतो. पण मेलेली सगळी सरळ आहेत. तुम्हाला वास येतो म्हणून तुम्ही बघतच नाही!"

भोंगा धावत जाऊन दोन्हीकडची पानं बघून आला.

"संध्याकाळी छापखान्याला कुलूप लागतं," ताई विचार करत म्हणाली. "आणि किल्ली असते बाइंडरकाकांकडे."

"बाइंडरकाका? काहीतरीच!" भोंगा आणि बटण एकदम म्हणाले.

बाइंडरकाकांवर संशय घेणं कठीणच होतं. हा माणूस मुलांना उरलेल्या कागदाच्या, काड्यापेटीएवढ्या वह्या बांधून द्यायचा. पुस्तक उलटं ठेवलेलं दिसलं तर कुणाचंही असो, जाऊन सरळ करून यायचा.

"मी संशय घेतच नाहीये," ताई म्हणाली. "कोण ते नंतर. आधी काय होतंय ते कळू दे. आणि ते आपल्याला सांगेल बिलबुकाचा कागद!"

"कागद कसा सांगेल?"

"अरे, तो दाबला की निळा होतो ना? त्याच्या जोड्या गठ्ठ्यात घालून ठेवायच्या. बोटाने कुणी घासलं तर बोटाएवढा डाग. उंदीर नाचला तर उंदराएवढा. जो दाबेल त्याचं चित्र आपोआप निघेल!"

"ताई," भोंगा आदराने म्हणाला, "तू मोठी होऊन फार वाईट माणूस होऊ शकशील."

आमिष म्हणून खरी पानं वापरायची सोय नव्हती. पण आत्याकडे एक वाया गेलेला गठ्ठा होता. मशीनवाल्याने एकदा कागद उलटा लावल्यामुळे त्यावरची सगळी संत्री डोक्यावर उभी होती, देठ खाली. लेप मात्र आत्याने सरावासाठी दिलेला होता, त्यामुळे पानं वाकडीही होती आणि वासाचीही.

"घ्या," आत्या म्हणाली. "माझी खरी पानं मी कपाटात कुलूप लावून ठेवते. तुमचं काय व्हायचं ते होऊ दे."

दुपारी सापळा लागला. मशीनवाल्याकडून कोऱ्या बिलबुकाचे कागद मागून आणले. एक जोडी गठ्ठ्यात अगदी वर, एक मधे, एक तळाशी. गठ्ठा तपकिरी कागदात बांधला, आत्याची नेहमीची 'हात लावू नये' ही चिठ्ठी वर डकवली आणि गोदामात नेहमीच्या जागी ठेवला.

संध्याकाळी छापखाना बंद व्हायच्या जरा आधी तिघांनी गठ्ठा उघडला. मधली जोडी कोरी. तळाची कोरी. वरच्या जोडीवर मात्र चित्र उमटलं होतं! फिकट निळे, ऐसपैस, शेजारी शेजारी दोन गोल. मधे एक पांढरी फट.

"डोंगर?" भोंगा म्हणाला.

"जुळी कलिंगडं?" ताई म्हणाली.

बटणने मान वाकडी करून पाहिलं. "कुणीतरी बसलंय."

मग भोंग्याने स्वतःची टोपी तोंडात कोंबली, कारण तो हसला असता तर सापळा, गोदाम आणि आजूबाजूची दोन-तीन दुकानं सावध झाली असती. काचेच्या केबिनमध्ये मालक पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. तिघांनी कागदाकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मोजमापाची गरज नव्हती.

"सापडला चोर!" भोंग्याने टोपी काढून सांगितलं.

"नाही," ताई म्हणाली. "बसण्याने वरची थोडी पानं मरतील. आख्खा गठ्ठा नाही मरणार. मधला कागद कोरा आहे, दिसत नाही का?" पण तिने तो कागद काळजीपूर्वक गुंडाळून ठेवला. नव्या जोड्या घातल्या, गठ्ठा बांधला आणि सगळे घरी गेले.

*

शुक्रवारी सकाळी तिघं कुलूप उघडायच्या वेळेला दारातच हजर होती. बाइंडरकाका त्यांच्याही आधी येऊन आत होते; त्यांनी मुलांना आत घेतलं आणि ते चहाची किटली भरून आणायला गेले. मुलं गोदामात धावली.

वरची जोडी निळी. मधली निळी. तळाचीही निळी! नुसते डाग नव्हते; या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा गडद रंग, जणू कुणी रंगवून काढलाय.

"हे काय?" भोंगा म्हणाला. "इतकं चौकोनी कोण बसतं?"

"माणूस नाही," ताई म्हणाली. "यंत्र. मोठं, सपाट आणि सगळीकडून सारखं दाबणारं."

बटण आधीच चालू लागली होती. बाइंडरकाकांच्या कोपऱ्यात तिच्यापेक्षा उंच एक लोखंडी शिकंजा होता. वर गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक, खाली जाड पाटा. नवी बांधलेली पुस्तकं दोन फळ्यांमध्ये घालायची, चाक फिरवून आवळायची, की सकाळपर्यंत पुस्तक सरळ. बटणने फळ्यांकडे बोट दाखवलं. भोंग्याने नाक लावलं.

"संत्रं! पुदिना! गुलाब! साबण!"

"काय रे, माझी फळी हुंगतोस काय?" बाइंडरकाका किटली घेऊन मागे उभे होते.

ताई शब्दांची जुळवाजुळव करत होती. बटणने तेवढी वाट पाहिली नाही. "काका, आईची पानं तुम्ही यात घालता?"

बाइंडरकाका लाजले. पकडलेला माणूस लाजतो तसे नव्हे. कौतुक झालेला माणूस लाजतो तसे.

"कळलं का तुम्हाला? आईला सांगू नका हं. गुपचूप करतोय मी ते. ती बिचारी एवढं खपते आणि पानं निघतात ही अशी वाकडी! आता ते काही माझं काम नाही, पुस्तक शाळाच बांधणार. पण वाकडं पान आपल्या दारातून बाहेर गेलेलं मला नाही बघवत. म्हणून जाताना घालतो शिकंज्यात, आणि सकाळी तुम्ही यायच्या आत काढून ठेवतो."

"पण काका, ती मरतात!" भोंगा ओरडला.

"कोण मरतं?"

"कॅप्सूल! फुटतात सगळ्या!"

"छे, छे! उलट वास पक्का बसतो. अरे, चाक आवळलं की काय घमघमाट सुटतो! एकदा तर मी जरा उभाच राहिलो इथे डोळे मिटून. म्हटलं, इस्त्रीने घडी बसते, तसा दाबाने वास बसत असणार."

"बसत नव्हता, काका," ताई हळूच म्हणाली. "निघून चालला होता."

बाइंडरकाकांनी किटली खाली ठेवली. फळ्यांकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आणि त्याच वेळी दारात आत्या उभी होती.

"मी 'हात लावू नये' असं लिहिलं होतं ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला होता.

"हात कुठे लावला मॅडम? फळीने उचलायचो, फळीवर ठेवायचो. तुमचं लिहिलेलं कधी मोडलं नाही."

आत्याने रागवायला तोंड उघडलं. मग तिला ते दृश्य दिसलं असावं: हा साठीचा माणूस, रोज संध्याकाळी, तिच्या चिठ्ठीचा मान राखत, तिची पानं फळीवरून अलगद नेतोय. ती तशीच उघड्या तोंडाने स्टुलावर बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की शेवटी डोळे पुसायला तिला बाइंडरकाकांचाच रुमाल लागला.

"मी बुडवलं असतं तुम्हाला," बाइंडरकाका म्हणाले. "आणि ह्या पोरीची शाळा..."

"बुडवलं नाहीत ना अजून? चहा ओता आधी."

त्या दिवशी खरी पानं कपाटातून निघून गोदामात आली, आणि बाइंडरकाका त्यांच्यावर स्वतः पहारा देत बसले. फक्त पाठ करून. पानांच्या वळलेल्या कडा दिसल्या की त्यांचे हात शिवशिवायचे.

*

शनिवारी मुख्याध्यापिका आल्या. ठेंगण्या, चटपटीत, हातात पांढरी काठी. त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं, पण छापखान्यात शिरल्या शिरल्या त्या म्हणाल्या, "डावीकडे मशीन, समोर कुणीतरी चहा पितंय, आणि लहान मुलगी सर्दीने बेजार आहे. बरोबर?"

"बरोबर," बटण नाक ओढत म्हणाली.

मालक पुढे झाले. "या, या! मी आधीच सांगतो, फार आशा ठेवू नका. आमच्या कॅप्सूल जरा कच्च्या आहेत. तज्ज्ञांचंही तेच मत आहे. आपण निवांत बोलू..." आणि बोलता बोलता, सवयीने, मागे न बघता, ते टेबलाशेजारच्या बाकावर बसायला वाकले. बाकावर आत्याच्या खऱ्या पानांचा गठ्ठा होता.

"मालक! बसू नकाऽऽऽ!"

भोंग्याने त्या दिवशी काढलेला आवाज त्याला पुन्हा कधीही काढता आलेला नाही. मशीन थांबलं. कबुतरं उडाली. रस्त्यावर एका सायकलवाल्याने ब्रेक लावला. मालक अर्ध्या वाटेत, ना बसलेले ना उभे, तसेच गोठले.

"काय झालं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"कॅप्सूल कच्च्या नाहीत," ताई दम घेऊन म्हणाली. "पानं शिकंज्यात दाबली गेली म्हणून फुटल्या. ती चूक आता सुधारलीय. पण वरच्या थोड्या पानांवरच्या त्याआधीच, दिवसाउजेडी फुटत होत्या. त्याचा पुरावा आमच्याकडे आहे."

"पुरावा? दाखवा की. म्हणजे, सांगा. मला कसा आहे ते सांगा."

ताईने गुंडाळलेला कागद उघडला. सांगायचं काम बटणने घेतलं, कारण खरं तेवढंच सांगायची तिला सवय होती.

"कागद आहे. त्याच्यावर दोन मोठे निळे गोल आहेत. एकमेकांना लागून. मधे फट आहे. उजवा गोल जरा जास्त गडद आहे, कारण..." तिने मालकांकडे निरखून पाहिलं, "कारण ते उजवीकडे कलून बसतात. मागच्या खिशात पाकीट आहे ना, त्याचाही चौकोन उमटलाय."

मालकांचा हात आपसूक मागच्या खिशाकडे गेला. मशीनवाला मशीनच्या आड दिसेनासा झाला. फक्त त्याचे खांदे हलताना दिसत होते.

मुख्याध्यापिका इतक्या मोकळेपणी हसल्या की त्यांची काठी खाली पडली. "मालक, मी आयुष्यात पुष्कळ चित्रं ऐकली. इतकं स्पष्ट चित्र आजवर ऐकलं नव्हतं! आता पानं द्या."

आत्याने गठ्ठा सोडला. बटण तिच्या अंगाला शिवल्यासारखी उभी होती, आणि आज आत्याही तिला तशीच चिकटून उभी होती.

मुख्याध्यापिकांनी पहिलं पान घासलं. नाकाशी नेलं. "पुदिना."

दुसरं. "गुलाब. जरा महागातला."

तिसरं. "साबण. हे मुलांना आवडणार नाही, पण शाळेला आवडेल."

चौथं पान त्यांनी घासलं, हुंगलं. पुन्हा घासलं. मग नुसत्याच हसल्या. "संत्रं. अगदी सोलताना नखात जातं ते. छापा, सगळी छापा!"

आत्याने धरून ठेवलेला श्वास सोडला तो भांड्यातल्या पंख्यापेक्षा मोठा वाजला.

"एकच गोष्ट," मुख्याध्यापिका पानाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या. बाइंडरकाकांनी डोळे मिटून घेतले. "ही कडा अशी वर उचललेली आहे, हे कुणाचं डोकं?"

"माझी चूक..." आत्याने सुरुवात केली.

"चूक कसली? मुलांना पान उलटायला कडा लगेच हाताला लागते. सपाट पानं उलटताना किती तारांबळ उडते त्यांची! आधीच्या नमुन्यांत हे नव्हतं. हे असंच ठेवा. कुणाला दाबू देऊ नका."

बाइंडरकाकांनी डोळे उघडले. चाळीस वर्षं सरळ केलेली सगळी पुस्तकं त्यांच्या डोळ्यांपुढून एकदा वाकडी होऊन गेली असावीत. मग ते गठ्ठ्याजवळ गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका वळलेल्या कडेला त्यांनी हात न लावता, फक्त मायेने पाहिलं.

मालकांनीही मोठेपणा दाखवला. आपला या कॅप्सूलवर पहिल्यापासून विश्वास होता, असं त्यांनी जाहीर केलं. व्हिजिटिंग कार्डांचं मशीन रद्द झालं. गोदामात एक खुर्ची आली. "काय पोरं आहेत!" मालक ताईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढे मोठे शास्त्रज्ञ होतील! तो कागद तेवढा मला देऊन टाक बरं."

"तो मी ठेवून घेते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्ही शोधून काढलंत, बाळांनो, आणि ज्याने चूक केली त्याला कमी लेखलं नाहीत. मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं."

बटणने हे ऐकून एक मोठी शिंक दिली. बाइंडरकाकांनी तिला रुमाल दिला, आणि सोमवारपासून खऱ्या पानांचं काम सुरू झालं.

पुस्तकं वेळेवर शाळेत पोहोचली. आठवडा संपायच्या आत एकूण एक प्रतीतलं संत्रं मुलांनी घासून घासून संपवलं.